समाजमाध्यमे आणि ग्राहक संबंध व्यवस्थापन : झरी परिसरातील कृषी निविष्ठा व्यापाराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

‘ग्राहक संबंध व्यवस्थापन’ ही संज्ञा व्यवस्थापनशास्त्रात १९९० च्या दशकात रूढ झाली. त्यापूर्वी १९८३ मध्ये लिओनार्ड बेरी या अमेरिकन अभ्यासकाने ‘संबंधाधारित विपणन’ ही कल्पना मांडली होती. नवा ग्राहक मिळविण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्व असलेला ग्राहक टिकवून ठेवण्याला आहे, हा तिचा गाभा होय. पुढे संगणकाच्या साहाय्याने ग्राहकाची खरेदी, आवडनिवड, तक्रारी व येणे बाकी यांची नोंद एका ठिकाणी ठेवणाऱ्या प्रणाली बाजारात आल्या आणि बँका, विमा कंपन्या, दूरध्वनी कंपन्या यांनी त्यांचा स्वीकार केला. या सर्व प्रणालींमागे एक गृहीत होते. ग्राहकाविषयीची माहिती विक्रेत्याजवळ असते, ग्राहक एकेकटा असतो आणि संबंधाचे ‘व्यवस्थापन’ विक्रेताच करीत असतो.

समाजमाध्यमांनी या गृहीताला धक्का दिला. मोठ्या शहरांतील मोठ्या कंपन्यांच्या संदर्भात याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु जिथे दुकानदार ग्राहकाला नावानेच नव्हे, तर त्याच्या वडिलांच्या नावाने आणि शेताच्या शिवारासह ओळखतो, अशा गावात समाजमाध्यमांनी नेमके काय बदलले, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. परभणी तालुक्यातील परभणी–जिंतूर मार्गावरील झरी हे असेच एक मोठे गाव. सोयाबीन, कापूस, तूर आणि रब्बीत ज्वारी व हरभरा ही या भागातील प्रमुख पिके. प्रस्तुत लेखात झरीसारख्या गावातील बी-बियाणे, खते व कीटकनाशके यांचा व्यापार, म्हणजेच बोलीभाषेतील ‘कृषी सेवा केंद्र’, हे उदाहरण समोर ठेवून या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

वहीतील ग्राहक

कृषी सेवा केंद्राचा दुकानदार ‘ग्राहक संबंध व्यवस्थापन’ हा शब्द उच्चारीत नाही. परंतु त्याचे सर्व व्यवहार त्यावरच उभे असतात. मृग नक्षत्राच्या सुमारास शेतकऱ्याजवळ रोकड नसते. बियाण्याची बॅग आणि खताचे पोते उधारीवर नेले जाते. सोयाबीन निघाले की दिवाळीच्या आगेमागे, कापूस असल्यास पहिल्या-दुसऱ्या वेचणीनंतर, ती बाकी फेडली जाते. दुकानदाराच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते असते. कोणाची जमीन किती, विहिरीला पाणी किती, मागील वर्षी कोणते वाण पेरले होते, घरात यंदा लग्न आहे काय, या गोष्टी वहीत नसल्या तरी दुकानदाराच्या स्मरणात असतात. संगणकीय प्रणालीने लाखो रुपये खर्चून जे साधावयाचे, ते येथे स्मरणशक्ती आणि लाल कापडी बांधणीची वही यांनी साधले जात होते.

हा संबंध आपुलकीचा असतो, यात शंका नाही. मात्र त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की असमाधानी ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : तो दुकान सोडून जातो, किंवा तोंड उघडून आपली नाराजी सांगतो. पहिल्या मार्गाला ‘निर्गमन’ आणि दुसऱ्याला ‘आवाज’ असे म्हणता येईल. ग्राहकाची निष्ठा या दोहोंमधील निवड ठरविते. उधारीत बांधलेल्या शेतकऱ्याला निर्गमनाचा मार्ग जवळजवळ बंद असतो. मागील बाकी चुकती केल्याशिवाय तो शेजारच्या दुकानात जाऊ शकत नाही; गेला तरी तेथील दुकानदार अनोळखी माणसाला उधार देत नाही. आणि ज्याच्याकडे पुढील हंगामाची उधारी मागावयाची, त्याच्याविरुद्ध आवाज उठविणेही सोपे नसते. त्यामुळे पारंपरिक संबंधात ग्राहक टिकून राहिला, ही गोष्ट खरी; परंतु तो समाधानी होता म्हणूनच टिकला, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. विपणनाच्या पाठ्यपुस्तकांत ग्राहकाचे टिकून राहणे हेच यशाचे प्रमाण मानले जाते. ते पुस्तक लिहिणाऱ्याने मराठवाड्यातील उधारीची वही पाहिली नसावी.

माध्यमाचा प्रवेश

ग्रामीण भागात समाजमाध्यमांचा खरा प्रसार सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर झाला. इंटरनेटचा दर एकदम उतरल्याने स्मार्टफोन शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने छोट्या व्यावसायिकांसाठी ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे स्वतंत्र ॲप आणले. त्यात दुकानाचा पत्ता व वेळ दाखविण्याची, ठरावीक प्रश्नांना तयार उत्तर पाठविण्याची आणि ग्राहकांना वेगवेगळ्या खुणा लावून वर्गीकृत करण्याची सोय आहे. ही सर्व मूळच्या ग्राहक संबंध व्यवस्थापन प्रणालीचीच लहान रूपे होत, आणि ती विनामूल्य मिळाली.

तथापि गावात या ॲपच्या खुणा व तयार उत्तरे यांपेक्षा साधा गटच, म्हणजे ‘ग्रुप’, अधिक प्रभावी ठरला. यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे. दुकानदाराने एकाच वेळी अनेकांना संदेश पाठविला, तर प्रत्येक ग्राहकाला तो स्वतंत्रपणे मिळतो आणि ग्राहक एकमेकांना दिसत नाहीत. ही रचना जुन्या वहीसारखीच आहे. गटात मात्र सर्व ग्राहक एकमेकांना दिसतात. वहीतील खाती प्रथमच एकमेकांशी बोलू लागली, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

ही जाणीव जगाच्या बाजारपेठेला काही वर्षे आधीच झाली होती. जुलै २००९ मध्ये कॅनडातील गायक डेव्ह कॅरोल यांनी विमानप्रवासात मोडलेल्या आपल्या गिटारीविषयीचे गाणे यूट्यूबवर ठेवले. कित्येक महिने भरपाई नाकारणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सला ते लाखो लोकांनी पाहिल्यावर दखल घ्यावी लागली. भारतात सुरेश प्रभू हे रेल्वेमंत्री असताना, नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात, रेल्वेने ट्विटरवरून आलेल्या प्रवाशांच्या तक्रारींना प्रवास सुरू असतानाच उत्तर देण्याची पद्धत रूढ केली. लहान बाळासाठी दूध किंवा आजारी प्रवाशासाठी औषध पुढील स्थानकावर पोहोचविल्याच्या बातम्या त्या काळी वृत्तपत्रांत येत. या दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. तक्रार करणारा अनोळखी होता आणि त्याची तक्रार अनोळखी लोकांनी पाहिली. झरीत मात्र तक्रार करणारा, ऐकणारा आणि पाहणारे हे सारे एकाच आठवडी बाजारात भेटणारे असतात. यामुळे तक्रारीचे स्वरूपच बदलते.

खरीप २०२० : एका हंगामाची कसोटी

या बदलाचे सर्वांत स्पष्ट दर्शन २०२० च्या खरीप हंगामात घडले. त्या वर्षी जूनमध्ये मराठवाड्यात पाऊस वेळेवर आला. टाळेबंदीच्या काळातही कृषी निविष्ठांची दुकाने अत्यावश्यक सेवा म्हणून सुरू होती. गर्दी टाळण्यासाठी शेतकरी गटांची एकत्रित मागणी घेऊन बियाणे व खते बांधावर पोहोचविण्याचा उपक्रमही कृषी विभागाने राबविला. पेरण्या झाल्या, परंतु अनेक ठिकाणी सोयाबीन उगवले नाही. परभणीसह राज्यातील अनेक जिल्ह्यांतून कृषी विभागाकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला. वृत्तपत्रांतील बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली.

या आपत्तीची कारणे एकेरी नव्हती. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसाने सोयाबीन भिजले होते आणि बियाण्याची प्रत खालावली होती. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण मुळातच नाजूक असते. पोते आदळले तरी उगवणशक्ती घटते. दुसरीकडे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्यापूर्वी केलेली पेरणी, किंवा बियाणे फार खोल पडणे, ही कारणेही काही शेतांत होती. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी असे मानक आहे. शेतात ती त्याहून कमी दिसली, तर दोष बियाण्याचा की पेरणीचा, हे एका शेतावरून सांगता येत नाही.

गटाचे खरे महत्त्व येथे लक्षात येते. पूर्वी ज्याचे बियाणे उगवले नाही, तो शेतकरी एकटाच दुकानात जात असे. दुकानदार त्याला ‘आपलं पेरताना खोल गेलं असंल, बाकी कोणाची तक्रार नाही’ असे सांगू शकत असे. ते खरे असो वा नसो, शेतकऱ्याजवळ पडताळण्याचे साधन नव्हते. आता त्याने बॅगेवरील लेबलाचे छायाचित्र गटात टाकले, की त्यावरील लॉट क्रमांक सर्वांना दिसतो. त्याच लॉटचे बियाणे चार वेगवेगळ्या गावांत, चार वेगवेगळ्या जमिनींत उगवले नसेल, तर संशय बियाण्याकडे जातो. उलट, एकाच शिवारात निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या लॉटचे बियाणे फसले असेल, तर पावसाचा किंवा पेरणीचा विचार करावा लागतो. ही पडताळणी प्रयोगशाळेतील नव्हे. परंतु तिचे तर्कशास्त्र शास्त्रीय आहे. एकेकट्या तक्रारीला जी सिद्धता नव्हती, ती तक्रारी एकमेकींशेजारी ठेवल्याने मिळाली. हर्शमन यांच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ज्याला दुकान सोडता येत नाही, त्याला समाजमाध्यमाने आवाज दिला. शिवाय हा आवाज एकट्याचा नसल्याने उधारी तुटण्याचे भयही विभागले गेले.

दुकानदाराच्या दृष्टीनेही हा बदल केवळ संकट नव्हे. तो सीलबंद बॅग विकतो. आतील बियाणे त्याने तयार केलेले नसते. हीच भूमिका राज्यातील निविष्ठा विक्रेत्यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रस्तावित कायद्यांविरुद्ध दुकाने बंद ठेवून मांडली होती, आणि ती पूर्णतः गैरलागू म्हणता येणार नाही. जो दुकानदार आपल्या ग्राहकांच्या गटातील तक्रारी लॉटनुसार मांडून कंपनीच्या प्रतिनिधीपुढे ठेवतो, त्याच्या म्हणण्याला एक-दोन तोंडी तक्रारींपेक्षा अधिक वजन येते. त्या क्षणी तो कंपनीचा विक्रेता न राहता ग्राहकांचा प्रतिनिधी होतो. ग्राहक संबंध व्यवस्थापनातील सवलती, भेटवस्तू आणि दिवाळीची शुभेच्छापत्रे यांनी जे साधत नाही, ते अशा एका कृतीने साधते.

याउलट, गटातून तक्रार पुसून टाकणे किंवा तक्रार करणाऱ्यालाच गटातून काढणे हा मार्गही गटप्रमुख असलेल्या दुकानदाराला उपलब्ध आहे. पूर्वी दुकानदाराचे मौन चार भिंतींत राहत असे. आता संदेश वाचल्याची निळी खूण दिसते आणि उत्तर आलेले नसते. मौनही नोंदले जाते. काढलेला ग्राहक दुसऱ्या गटात हीच हकीकत सांगतो, आणि तेथे दुकानदार नसतो.

आवाज आणि कागद

तथापि समाजमाध्यमावरील तक्रार म्हणजे कायदेशीर तक्रार नव्हे, ही गोष्ट शेतकरी व दुकानदार दोघांच्याही लक्षात राहत नाही. बियाणे न उगवल्यास शेतकऱ्याने कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावयाची असते. त्यानंतर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती प्रत्यक्ष शेतात येऊन पाहणी करते व पंचनामा करते. यासाठी खरेदीची पावती, बॅग, तिच्यावरील लेबल आणि शक्य असल्यास थोडे शिल्लक बियाणे जपून ठेवणे आवश्यक असते. उगवण झाली नाही म्हणून शेतकऱ्याने दुबार पेरणीसाठी रान मोडले, की पाहण्यासारखे काही उरत नाही. गटात शंभर जणांनी हळहळ व्यक्त केल्याने तक्रार पोहोचली असे वाटते आणि पाहणीची मुदत निघून जाते. माध्यमाने दिलेला आवाज अशा प्रकारे कागदाची जागा घेऊ पाहतो, आणि तेथेच शेतकऱ्याचे नुकसान होते.

न्यायालयांची भूमिका या बाबतीत शेतकऱ्याला अनुकूल राहिली आहे. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये, बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निर्णय दिला. सर्व बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने प्रयोगशाळेतील तपासणीसाठी नमुना राखून ठेवला असेल, अशी अपेक्षा करता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगापुढे दाद मागता येते. यासाठी भ्रमणध्वनीवरील छायाचित्रे उपयोगी पडू शकतात. पण व्हॉट्सॲपवरून पाठविलेले छायाचित्र आकुंचित होते आणि ते कधी व कोठे काढले याची मूळ माहिती त्यात राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणून मूळ छायाचित्र ज्या फोनमध्ये काढले, त्यातच जपून ठेवणे हिताचे.

ग्राहक नेमका कोणाचा?

दुकानदारापुढील अधिक गंभीर प्रश्न वेगळाच आहे. आजवर शेतकऱ्याविषयीची माहिती दुकानदाराजवळ होती आणि कंपनीला त्याच्यामार्फतच शेतकऱ्यापर्यंत जावे लागे. आता कंपन्या स्वतःचे ॲप, यूट्यूब वाहिनी व गट चालवितात. पुण्यातील ॲग्रोस्टारसारखा उद्योग शेतकऱ्याच्या ‘मिस्ड कॉल’वर मागणी नोंदवून थेट माल पाठविण्याच्या पद्धतीतून उभा राहिला. अनुदानित खताच्या विक्रीसाठी पॉस यंत्रावर आधारची नोंद होते. ती माहिती शासनाकडे जाते. केंद्र शासनाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘साथी’ पोर्टलवर बियाण्याचा माग क्यूआर कोडद्वारे काढता येतो. त्याच वर्षी राज्य शासनाने निविष्ठांविषयीच्या तक्रारींसाठी, विशेषतः खतासोबत नको असलेला माल गळ्यात मारण्याच्या ‘लिंकिंग’च्या प्रकारांसाठी, व्हॉट्सॲप क्रमांक जाहीर केला. म्हणजे माहिती आणि तक्रार या दोन्ही गोष्टी दुकानाला वळसा घालून जाऊ लागल्या आहेत. दुकानदाराच्या हाती उरते ती उधारी आणि ओळख.

सल्ल्याच्या बाबतीतही हेच घडत आहे. सेलू तालुक्यातील गुगळी धामणगाव येथील पंजाबराव डख यांचे हवामान अंदाज व्हॉट्सॲप व यूट्यूबवरून राज्यभर पोहोचतात. त्यांच्या शास्त्रीयतेविषयी हवामानतज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत. तरीही पेरणी कधी करावी, आणि म्हणून बियाणे कधी विकत घ्यावे, यावर अशा संदेशांचा परिणाम होतो, हे व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचे. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. १८ मे या स्थापनादिनी तेथे खरीप शेतकरी मेळावा भरतो आणि विद्यापीठाच्या बियाण्यासाठी शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. रांगेतील त्याच शेतकऱ्याच्या खिशातील फोनवर दुसरेच अंदाज आणि दुसरेच सल्ले येत असतात. दुकानदार या गर्दीतील एक सल्लागार झाला आहे, आणि तोही असा, की ज्याचा सल्ला स्वतःचा माल विकण्याशी जोडलेला आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते.

उधारीची लाज

ग्राहकांना एकमेकांसमोर आणणाऱ्या गटाचा एक वापर मात्र निषेधार्ह मानावा लागेल. काही व्यवसायांत थकबाकीदारांची यादी गटावर टाकण्याचा मोह होतो. वहीतील आकडा दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांपुरता असतो. तो गटात आला की सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत जातो. ज्या भागात शेतकऱ्याच्या कर्जाशी इतक्या दुःखद घटना जोडल्या गेल्या आहेत, तेथे हा प्रकार वसुलीचे साधन म्हणून पाहणे अयोग्य होय. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. परंतु या बाबतीत कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. बाकीची आठवण ज्याची त्याला स्वतंत्र संदेशाने देता येते.

गटाबाहेरील ग्राहक

शेवटी, गटात कोण नाही हेही पाहावयास हवे. टंकलेखन न येणारा शेतकरी आवाजी संदेश पाठवून बोलीभाषेत आपले म्हणणे मांडू शकतो. या सोयीने अक्षरओळखीची अडचण बरीच दूर केली आहे. पण अनेक कुटुंबांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो पुरुषाच्या, बहुधा तरुण मुलाच्या हातात असतो. सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव असले, निंदणी-खुरपणी तीच करीत असली, उगवण कमी झाल्याचे सर्वप्रथम तिच्याच लक्षात आले असले, तरी गटात तिची नोंद नसते. वृद्ध शेतकरी, सालगडी आणि बटाईने जमीन कसणारे हेही बहुधा बाहेरच राहतात. बटाईदाराच्या बाबतीत तर पावतीही अनेकदा मालकाच्या नावे असते, त्यामुळे ना आवाज, ना कागद, अशी त्याची अवस्था होते. केवळ गटातील संदेशांवरून ग्राहकांचे समाधान मोजणारा दुकानदार या सर्वांना समाधानी समजून बसतो.

अशा ग्राहकांसाठी जुनी वहीच उपयोगी पडते. तिच्यात रकमेशेजारी वाणाचे नाव आणि लॉट क्रमांक लिहिण्यास एक ओळ पुरते. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी गटातून एखाद्या लॉटविषयी तक्रार आली, की तोच क्रमांक वहीत शोधून फोन नसलेल्या गिऱ्हाइकाकडे बाजारच्या दिवशी विचारणा करता येते. रान मोडण्यापूर्वी पंचनामा करून घे, असे त्याला सांगता येते.